दोन पानं खाईन अन् उडून जाईन

संत्र्याच्या बागेत नवखा माणूस शिरला की त्याला सगळ्यांत आधी अळी दिसते. सिला ही रस शोषणारी कीड दिसत नाही, ती जेमतेम तिळाएवढी. काळ्या माशीमुळे पानांवर काळ्या बुरशीची कोळशी चढली तरी धूळ बसली असं वाटतं. डिंक्या हा रोग बुंध्याशी असतो आणि तिथं वाकून बघायला सहसा कुणी जात नाही. अळी मात्र हिरवीगार, बोटाच्या दोन पेरांएवढी, आपल्या डोळ्यांदेखत पान फस्त करत असते. लगेच फोन निघतो, फोटो ग्रुपवर जातो आणि दिवे लागायच्या आत कुणीतरी औषधाचं नाव पाठवलेलं असतं.

काकाजींची बाग काटोल तालुक्यात आहे. नागपुरी संत्रा, जंभेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेला. बरीचशी झाडं माझ्या लग्नाच्या आधीची. मी पुण्यात असते, पण पावसाळ्यात आणि दिवाळीत तिकडं जाणं होतंच. मोठ्या झाडावरची अळी त्यांना दाखवली तर ते नीट बघतसुद्धा नाहीत. "काय फवारू हिच्यावर? दोन पानं खाईन अन् उडून जाईन." आणि हाच माणूस घरामागच्या कलमांच्या पिशव्यांमध्ये सकाळी उकिडवा बसून एकेक पान उलटं करून बघतो. तिथं एक अळी सापडली तरी त्यांचा दिवस नासतो.

अळी तीच. लिंबाच्या फुलपाखराची. काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखाला एक विटकरी डाग, शेपटी नाही. हे फुलपाखरू तुम्ही नक्की पाहिलेलं आहे, कारण लिंबू, संत्रा, मोसंबी, बेल, बावची असं काहीही आसपास असलं की ते येतं. मादी नवतीभोवती, म्हणजे नव्या कोवळ्या पालवीभोवती, घिरट्या घालते, पानावर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी पान थोपटते आणि उडते. हे थोपटणं म्हणजे चव घेणं. तिच्या पायांवर रसायनं ओळखणारे केस असतात आणि हे पान आपल्या पिल्लांच्या उपयोगाचं आहे की नाही हे तिला तेवढ्यावरून कळतं. पसंत पडलं की कोवळ्या पानाच्या कडेला एकच अंडं घालायचं आणि पुढं जायचं. अंडं खसखशीपेक्षा थोडं मोठं, पिवळसर, गुळगुळीत. तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते आणि पहिल्यांदा स्वतःच्या अंड्याचं टरफल खाते.

सुरुवातीचे काही टप्पे ही अळी पाखराची शीट होऊन राहते. तपकिरी-काळा, ओलसर चकाकी असलेलं अंग, मध्ये पांढरा पट्टा, आणि पानाच्या अगदी मध्यावर उघड्यावर बसणं. लपायची गरजच नाही, कारण शीट कोण खाणार? मी भिंग घेऊन बघत असतानाही आधी दोन खऱ्या शिटा तपासल्या होत्या. मग शेवटची कात टाकली की सोंग बदलतं. आता ती पानाच्याच रंगाची होते, अंगावर तपकिरी तिरके पट्टे, आणि डोक्यामागच्या फुगीर भागावर डोळ्यांसारखी नक्षी. खरं डोकं त्याच्या खाली, लहानसं, पान कुरतडण्यात गुंग. या अवस्थेत ती आधीच्या सगळ्या आयुष्यापेक्षा जास्त खाते. मधली शीर तेवढी शिल्लक ठेवते, आणि आपल्याला वाटतं की हे एका रात्रीत झालं. तसं झालेलं नसतं. ती दोन आठवड्यांपासून तिथंच होती, आपल्याला शीट दिसत होती.

हिरव्या पानात हिरवी अळी शोधायची कला काकूंकडे आहे. त्या वर बघतच नाहीत. खालच्या पानांवर किंवा पिशवीतल्या मातीवर गडद हिरव्या, दाणेदार लेंड्या पडलेल्या असतात, त्या बघतात आणि तिथून सरळ वर हात घालतात. लेंड्या ओल्या असतील तर अळी वरच आहे, वाळलेल्या असतील तर ती कुठंतरी कोषात गेली असणार.

तिला बोट लावून बघा. डोक्यामागून झटकन एक लालसर, ओलं, दोन फाट्यांचं शिंग बाहेर येतं आणि एक वास सुटतो. आंबट, खवट, थोडा लिंबाच्या सालीचा आणि बराचसा बिघडलेल्या लोण्याचा. अळी लहान असताना या वासात झाडातूनच घेतलेल्या तेलांचा भाग मोठा असतो, शेवटच्या टप्प्यात आम्लं वाढतात. मुंग्यांना पळवायला हे शस्त्र चांगलं आहे. पक्ष्यांवर आणि गांधीलमाश्यांवर त्याचा फारसा धाक चालत नाही, हे बागेत रोज दिसतं.

आता काकाजींच्या दोन वागण्यांकडे येऊ. फळावर आलेल्या संत्र्याच्या झाडाला पानं हजारोंनी असतात. त्यातली पन्नास-शंभर गेली तर झाडाच्या हिशेबात ते काहीच नाही, पुढच्या नवतीत भरून निघतं. कलमाला पानं पंधरा-वीस. मोठी झालेली एक अळी दोन-चार दिवसांत ते कलम खराटा करून ठेवते. वरूड तालुक्यातलं शेंदुरजनाघाट संत्र्याच्या कलमांसाठी नावाजलेलं आहे. तिथल्या रोपवाटिकांमध्ये हीच अळी पहिल्या नंबरची शत्रू ठरते, आणि तिथून आठ-दहा किलोमीटरवरच्या जुन्या बागेत तिला कुणी विचारत नाही. कीड मोठी की किरकोळ हे पुस्तकात अळीच्या नावापुढं लिहिलेलं असतं. शेतात ते झाडाच्या वयावर आणि महिन्यावर ठरतं.

त्यामुळे रोपवाटिकेतला उपायही साधाच आहे, हातानं वेचणं. सकाळी फिरायचं, पानाच्या कडेची अंडी बोटानं चिरडायची, शीट दिसली की काडीनं टोचून बघायचं, हललं तर उचलायचं. कलमं जास्त असतील आणि माणसं कमी, तर पाच टक्के निंबोळी अर्क. ५ किलो निंबोळीचा भरडा ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा १ लिटर पाण्यात विरघळवून त्यात घालायचा आणि एकूण १०० लिटर पाणी करायचं. त्याच दिवशी वापरायचं, शिळं ठेवायचं नाही. नाहीतर बीटीची पावडर, म्हणजे जिवाणूंचं औषध. ते अळीच्या पोटात गेलं तरच चालतं, लहान अळीवर चांगलं चालतं आणि उन्हात लवकर निकामी होतं, म्हणून संध्याकाळी मारायचं. हे सगळं अळी शिटेच्या रूपात असताना. बोटाएवढी हिरवी झाल्यावर औषधाला पैसे घालण्यात अर्थ नाही, ती तशीही कोषात जायच्या तयारीत असते. तिला हातानं काढा आणि विषय संपवा.

एकदा चुलतबहिणीच्या मुलीनं कोष सापडला म्हणून फांदीसकट बरणीत ठेवला. हा कोष बघण्यासारखा असतो. शेपटीकडून फांदीला चिकटलेला आणि कमरेला रेशमाचा एक धागा बांधून तिरका टेकून बसलेला. हिरव्या पानांत असला तर हिरवा, वाळक्या काडीवर असला तर तपकिरी. पोरगी शाळेतून आली की पहिली बरणीकडं धावायची. आठवडा उलटला, कोष काळपट पडला, आणि एका सकाळी त्याला टाचणीनं पाडल्यासारखं बारीक छिद्र. बरणीत फुलपाखरू नव्हतं, चिलटाएवढ्या धातूसारख्या चमकणाऱ्या बारीक माश्यांचा घोळका होता. गांधीलमाशीच्या कुळातल्या या परजीवी माशीची मादी नुकत्याच झालेल्या, अजून मऊ असलेल्या कोषात अंडी घालते, आणि आत फुलपाखराऐवजी तिची पिल्लं वाढतात, एका कोषात डझनांनी. मुलगी रडली. काकाजी मात्र इतके खूश झाले की बरणी घेऊन स्वतः कलमांपाशी गेले आणि झाकण उघडून आले. "फुकटचे मजूर हायेत थे," म्हणाले.

असे फुकटचे मजूर बागेत बरेच आहेत. अंड्यातच घुसणारी ट्रायकोग्रामा, अळीत वाढणाऱ्या बारीक माश्या, कोळी, प्रार्थनाकीटक, साळुंक्या. मोठ्या झाडावर लिंबाच्या अळीला कुणी हात लावत नाही तरी ती माजत नाही, ती यांच्यामुळे.

आणि एक गंमत. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान दिला, असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. काळ्याभोर पंखांवर निळी झाक, हातभर वाटावं इतकं ऐटदार. त्याचीही अळी लिंबाच्याच कुळावर जगते. जंगलात माकडलिंबूवर, आणि कधी घराजवळच्या लिंबावर, पपनसावरही. म्हणजे तुमच्या परसातल्या पपनसाचं पान कुरतडणारी जाडजूड हिरवी अळी ही उद्याची राज्याची मानकरी असू शकते. तिच्यावर पंप चालवायच्या आधी थोडं थांबायला हरकत नाही.

नागअळीला मी किरकोळ म्हणणार नाही, पण तिच्याबद्दलचा गैरसमज मोठा आहे. कोवळ्या पानावर चांदीच्या रेघा नागमोडी फिरलेल्या दिसतात, पान आकसतं, कडा दुमडते. अळी पानाच्या पापुद्र्याखाली असते आणि दुमडलेल्या कडेत कोषात जाते, म्हणजे आयुष्यभर ती उघड्यावर येतच नाही. तिचा पतंग इतका लहान आणि रात्रीचा असतो की बागायतदारानं उभ्या जन्मात तो पाहिलेला नसतो. ती फक्त नवतीच धरते. पान जून झालं, जाड झालं की तिथं तिची अंडी येत नाहीत. रेघा मात्र पान असेपर्यंत राहतात, आणि लोक त्या जुन्या रेघा बघून फवारतात. अळी केव्हाच पतंग होऊन उडून गेलेली असते. फवारायचंच तर नवती बोटभर असताना, आणि तेही कलमांवर व दोन-तीन वर्षांच्या झाडांवर. मोठ्या झाडावर पाणसोट, म्हणजे सरळसोट वाढणारे फळ न देणारे कोंब, काढून टाकले तरी तिचा बराच बंदोबस्त होतो, कारण बिनकामाची कोवळी वाढ तिथंच सतत चालू असते. रेघा पडलेली पानं खुडू नयेत, ती अर्धीमुर्धी का होईना झाडासाठी काम करत असतात. कागदी लिंबावर मात्र सवड देऊ नका. नागअळीच्या भेगांतून खैऱ्या रोगाचे जिवाणू आत शिरतात आणि मग लिंबाच्या सालीवर ते खरबरीत डाग येतात, ज्यांच्यामुळे बाजारात माल मागं पडतो.

पाने गुंडाळणारी अळी, उंटअळी, काड्यांच्या पिशवीत राहणारी अळी, या पाहुण्या. गुंडाळलेलं पान दिसलं तर चिमटीत दाबा. पिशव्या हातानं तोडा. यापलीकडे त्यांच्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

साल खाणाऱ्या अळीवर मात्र लिहायला हवं, कारण ती बागेपेक्षा बागायतदाराची कथा सांगते. बुंध्यावर, विशेषतः दोन फांद्यांच्या बेचक्यात, तपकिरी भुशाची एक पट्टी चिकटलेली दिसते, जाळ्यात गुंफलेली, वेडीवाकडी. बोटानं ओढली की सबंध निघून येते आणि खाली साल खरवडलेली. पट्टी म्हणजे चावलेली साल आणि विष्ठा रेशमात विणून केलेलं छप्पर. अळी दिवसा लाकडातल्या बिळात बसते, रात्री या छपराखालून फिरून साल खाते. वर्षाला तिची एकच पिढी होते. पावसाच्या तोंडावर पतंग निघतात, सालीच्या भेगांत अंडी घालतात, आणि पुढचा उन्हाळा येईपर्यंत अळी आतच. हिला कुणी सहसा घाबरत नाही. पण ती जिथं दिसते तिथं बहुधा सल, म्हणजे वाळक्या फांद्या, काढलेली नसते, बुंध्याला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावलेली नसते, मालक शहरात असतो आणि बाग ठेक्यानं दिलेली असते. शेवगा, पेरू, बाभूळ, बोर, सगळ्यांवर ती जगते, त्यामुळे धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आत यायला तिला वेळ लागत नाही.

काकाजींच्या शेजारची अशीच एक बाग होती. मालक परगावी, वाटेकऱ्याला फळापुरती आस्था. तिथल्या झाडांवर या पट्ट्या दुरून दिसायच्या. काकाजी स्वतःच्या धुऱ्यालगतच्या ओळीवर दर वर्षी पाऊस सरल्यावर सायकलचा स्पोक घेऊन फिरतात. आधी जाळी पुसून काढायची म्हणजे बीळ दिसतं. स्पोक आत घालून फिरवायचा. टोकाला ओलसर काही लागलं तर काम झालं. शंका असली तर पेट्रोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा बिळात कोंबायचा आणि वरून काळ्या चिखलानं बूच मारायचं. दुसऱ्या दिवशी चिखल तसाच असेल तर अळी मेली. फोडलेला असेल तर पुन्हा. या कामाला पंप लागत नाही, औषध लागत नाही, माणूस झाडाजवळ जावा लागतो. अवघड तेच झालंय.

कारण पंप सोपा आहे. गावातल्या दुकानात पान घेऊन गेलं की तीन बाटल्या समोर येतात, एक अळीची, एक "चमक" यायची आणि एक कशाची ते कुणालाच माहीत नसतं. तिन्ही एकाच टाकीत. काकाजींना एकदा अशाच मिश्रणाचा सल्ला मिळाला होता, लिंबाच्या अळीसाठी, चौदा वर्षांच्या झाडांवर. त्यांनी बाटल्या आणल्या नाहीत, पण पलीकडच्या शेतात त्या फवारल्या गेल्या. अळ्या गेल्याच. पुढच्या नवतीला तिथं सिला अशी चढली की शेंड्यांना चिकटा सुटला. यात काही अनपेक्षित नाही. सिलाच्या पिल्लांत वाढणारी टॅमॅरिक्सिया नावाची एक इवली परजीवी माशी आहे. तिचं शास्त्रीय वर्णन १९२२ मध्ये झालं ते लायलपूरच्या, म्हणजे आजच्या फैसलाबादच्या नमुन्यांवरून. ती आपल्या उपखंडातली, आणि पुढं परदेशांत मुद्दाम नेऊन सोडली गेली. आपल्या बागेत ती आयती असते. ढाल किडे, क्रायसोपा या किडी खाणाऱ्या कीटकांचंही तेच. अळीसाठी मारलेलं जहाल औषध आधी यांना गाठतं. सिला मागं राहते, आणि सिला ग्रीनिंग हा झाड हळूहळू मारणारा रोग वाहून नेते. अळीनं खाल्लेलं पान परत येतं, ग्रीनिंग लागलेलं झाड परत येत नाही.

आणि फवारणाऱ्याचं काय? संत्र्याच्या झाडावर औषध वर तोंड करून मारावं लागतं, तुषार परत अंगावर पडतात. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा आमच्या घरी कित्येक दिवस तोच विषय होता. काकाजींकडे फवारायला येणारा माणूस त्यानंतर रुमाल बांधायला लागला. रुमालानं फार काही अडत नाही हे त्यालाही ठाऊक आहे. दोन पानांसाठी त्याला टाकी पाठीला लावायला सांगू नये, एवढं तरी आपल्या हातात आहे.

या सगळ्यांत उलटं वागणारा एक जीव आहे, रस शोषणारा पतंग. लिंबाच्या फुलपाखराची अळी त्रास देते, फुलपाखरू निरुपद्रवी. इथं अळी निरुपद्रवी आणि पतंग चोर. अळी मखमली काळसर, अंगावर मोठे डोळ्यांसारखे ठिपके, धुऱ्यावरच्या गुळवेलीवर नाहीतर वासनवेलीवर मान वाकवून बसलेली. संत्र्याला ती तोंडही लावत नाही. पतंगाचे पुढचे पंख वाळक्या पानाचे, मागचे भडक नारिंगी, आणि सोंड टोकाला दातेरी, संत्र्याची साल भोसकण्याइतकी कडक. ऑगस्ट ते ऑक्टोबर, आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेली, फळं रंग धरायला लागली की अंधार पडल्यावर हे येतात. भोकाभोवती साल मऊ पडते, दोन-तीन दिवसांत फळ खाली. खाली पडलेलं फळ उचलून दाबलं की त्या बारीक भोकातून रस येतो, यावरून ओळखायचं. पडलेली फळं गोळा करून पुरायची, कारण त्यांच्या आंबूस वासावर आणखी पतंग येतात. काहीजण संध्याकाळी ओला पाला जाळून धूर करतात. काकाजी आणि त्यांचा मुलगा बॅटरी घेऊन फिरतात. उजेडात पतंगाचे डोळे निखाऱ्यासारखे लाल दिसतात आणि रस पिण्यात तो इतका गुंग असतो की हातानं पकडता येतो.

शिफारस अशीही आहे की बागेभोवतीच्या गुळवेली, वासनवेली काढून टाकाव्यात. वासनवेलीचं कुणाला दुःख नाही. गुळवेलीवरून मात्र आमच्याकडे दोन तट आहेत. कोरोनाच्या दिवसांत काकूंनी तिचा काढा सगळ्या आळीला पाजला होता, आणि कडुनिंबावर चढलेली ती जुनी वेल त्यांची स्वतःची आहे असं त्या मानतात. काकाजींनी मागच्या जून महिन्यात विळा काढला तेव्हा त्या आडव्या आल्या. पतंग लांबून उडत येतो, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही, पण मुद्दा त्यांनी बरोबर पकडला. "तुमी धुऱ्यावरची तोडान, पन थ्या डोंगरातली कोन तोडनार हाये?" काकाजींनी वासनवेल तोडली आणि गुळवेल तशीच ठेवली. बॅटरीचे नवे सेल मात्र दोन जास्तीचे आणले.